मेलेल्या गावाने चर्च कसे बांधले? निकोडेमसची शाळा, चर्च आणि एका सोयीस्कर सारांशाचा समाचार

१/
अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातील अथांग गवताळ मैदाने, म्हणजेच प्रेअरी, म्हटली की एक ठरीव चित्र डोळ्यांपुढे येते. पांढरी रंगवलेली एक लाकडी इमारत, तिच्या माथ्यावर घंटा. आठवडाभर तिथे शाळा आणि रविवारी चर्च. भोवती गव्हाची शेते, आत बाकांवर गोरी, गोबऱ्या गालांची मुले. चित्र देखणे आहे, पण अर्धवट आहे. #थ्रेड 🧵

२/
हे चित्र रुजवण्याचे श्रेय लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या बालकादंबऱ्यांना आणि त्यांवर आधारित 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' या १९७४ ते १९८३ दरम्यानच्या दूरचित्रवाणी मालिकेला जाते. त्यातून एक गृहीतक पक्के झाले: रानात शाळा आणि चर्च गोऱ्या वसाहतकारांनी नेले, म्हणजेच संस्कृती त्यांनी नेली.

३/
गंमत अशी, की १९३५च्या मूळ कादंबरीतच या गृहीतकाला तडे आहेत. इंगल्स कुटुंबाने कॅन्ससमध्ये घर बांधले ती जमीन ओसेज या मूलनिवासी राष्ट्राची होती. आणि हिवतापाने सारे घर आडवे झाले तेव्हा त्यावर उपचार करणारा डॉक्टर कृष्णवर्णीय होता. डॉ. जॉर्ज टॅन हे काल्पनिक पात्र नव्हे, खरी व्यक्ती. वाचकांच्या स्मरणात मात्र घंटेची इमारत राहिली. डॉक्टर राहिला नाही.

४/
या चित्राच्या चौकटीबाहेर एक गाव ठेवले गेले: निकोडेमस. कॅन्सस राज्याच्या वायव्येस, ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या दक्षिण शाखेजवळ. स्थापना १८७७. वसवणारे बहुतेक सारे गुलामगिरीतून सुटलेले लोक. या गावाचा लोकप्रिय इतिहास एका ओळीत सांगितला जातो: 'प्रयोग धाडसी होता, रेल्वे चुकली, गाव मेले.' हा सारांश सोयीस्कर आहे आणि चुकीचाही आहे.

५/
१८७७ हे साल साधे नव्हते. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील मुक्त कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला संघराज्याच्या सैन्याचा जो काही आधार होता, तो त्या वर्षी काढून घेतला गेला. कायद्याच्या पुस्तकात नागरिकत्व होते; गावच्या रस्त्यावर मात्र जुना मालक पुन्हा मालकासारखा वागू लागला होता.

६/
निकोडेमसचे बहुसंख्य रहिवासी केंटकीतून आले. केंटकी युद्धात संघराज्याकडे राहिल्यामुळे लिंकन यांचा १८६३चा मुक्तिजाहीरनामा तिथे लागूच नव्हता. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. ती दुरुस्ती केंटकीच्या विधिमंडळाने मान्य केली १९७६ मध्ये. हा मुद्रणदोष नव्हे.

७/
शिक्षणाचे काय? व्हर्जिनिया, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना अशा राज्यांनी गुलामांना लिहावाचायला शिकवण्यावर कायद्याने निर्बंध घातले होते. केंटकीत तसा कायदा नव्हता. मालकाची मर्जी हाच कायदा होता. मुक्तीनंतर १८७४ मध्ये केंटकीने कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळांची व्यवस्था केली; पण त्या शाळांना पैसा मिळणार होता तो फक्त कृष्णवर्णीयांकडून वसूल केलेल्या करांतून. ज्यांची मजुरी पिढ्यान्‌पिढ्या लुटली, त्यांनाच आता 'आपल्या शाळेचा खर्च आपण करा' असे सांगण्यात आले.

८/
या पार्श्वभूमीवर एप्रिल १८७७ मध्ये निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. सात सदस्यांपैकी सहा कृष्णवर्णीय. अध्यक्ष रेव्हरंड डब्ल्यू. एच. स्मिथ, चिटणीस झेड. टी. फ्लेचर. एकमेव गोरा सदस्य डब्ल्यू. आर. हिल हा जमिनीच्या व्यवहारातला माणूस होता आणि त्याच्या जाहिरातबाजीत अतिशयोक्ती भरपूर होती. १८६२च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर सरकारी जमीन पाच वर्षे कसणाऱ्याच्या नावे होत असे. आकर्षण होते ते या जमिनीचे.

९/
इथे एक नेहमीची चूक दुरुस्त करायला हवी. निकोडेमसच्या लोकांना सर्रास 'एक्सोडस्टर' म्हटले जाते. ते मोठे स्थलांतर १८७९चे. दहशतीला कंटाळून हजारो लोक दक्षिणेतून एकाएकी निघाले तेव्हाचे. निकोडेमस दोन वर्षे आधीचे आहे, आणि तिथे आधी कंपनी, आराखडा व नोंदणी झाली, मग माणसे गेली. हे नियोजित वसाहतकार होते. 'पळून आलेले' हे विशेषण त्यांचे कर्तेपण पुसून टाकते.

१०/
पहिली छोटी तुकडी १८७७च्या उन्हाळ्यात कॅन्ससमधीलच टोपीका शहरातून आली. सप्टेंबरमध्ये केंटकीहून तीनशेच्या वर माणसे आली. रेल्वे एलिस या ठिकाणापर्यंत होती. तिथून पुढे सुमारे ५५ किलोमीटर, दोन दिवस, उघड्या माळावरून, सामान आणि लेकरांसह पायपीट. टोपीका हे नाव लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

११/
पोहोचल्यावर गाव दिसेना. जमिनीतून धूर निघताना दिसत होता. झाडे नाहीत, म्हणून लाकूड नाही. लाकूड नाही, म्हणून घरे जमिनीत खणलेली. विलियाना हिकमन १८७८ मध्ये आल्या. ही धुराची भोके म्हणजेच गाव, हे कळल्यावर त्यांना रडू कोसळले, अशी आठवण त्यांनी सांगून ठेवली आहे. काही कुटुंबे आल्या पावली परतली. बाकीची राहिली.

१२/
घोडे आणि नांगर अगदी मोजके. अनेकांनी ती चिवट, मुळांनी विणलेली जमीन कुदळ-फावड्याने फोडली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्यातले मांस दिले, असे गावाची परंपरा सांगते. ज्यांच्या जमिनीवर 'लिटल हाउस' उभे राहिले, तेच हे ओसेज. बाहेरून धान्य आणि कपड्यांची मदतही आली. पण १८७९ मध्ये वसाहतीने यापुढे मदत मागायची नाही, असा ठराव केला.

१३/
आता मुख्य मुद्दा. पोटाला अन्न नाही, डोक्यावर छप्पर म्हणजे माती, अशा स्थितीत या लोकांनी आधी काय उभे केले? चर्च आणि शाळा. बॅप्टिस्ट मंडळी एका भुयारवजा घरात प्रार्थनेला जमू लागली. मुलांचे वर्गही कुणाच्या तरी घरात भरू लागले. झेड. टी. फ्लेचर यांच्या पत्नी जेनी फ्लेचर गावच्या पहिल्या शिक्षिका. टपालाचे कामही त्यांनी सांभाळले. फ्लेचर दांपत्याचे सेंट फ्रान्सिस हॉटेल हे एकाच वेळी पथिकाश्रम, टपालघर आणि शाळा होते.

१४/
चर्चकडे केवळ उपासनेची जागा म्हणून पाहिले, तर यातले निम्मे कळतच नाही. गुलामगिरीच्या काळात स्वतंत्रपणे जमणे हाच संशयास्पद गुन्हा होता. स्वतःच्या पैशाने बांधलेले, स्वतः नेमलेल्या उपदेशकाचे, आतून कडी लावता येणारे चर्च म्हणजे सभागृह, मदतनिधी, तंट्यांचा निवाडा आणि राजकारणाची तालीम. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा पंथच मुळी गोऱ्यांच्या चर्चमधील अपमान नाकारून कृष्णवर्णीयांनी स्थापन केलेला. त्याचीही मंडळी निकोडेमसमध्ये होती आणि जेनी फ्लेचर तिच्या संस्थापक सदस्यांपैकी होत्या.

१५/
आणि शाळा? १८७९ मध्ये ग्रॅहम काउंटीतले पहिले स्कूल डिस्ट्रिक्ट निकोडेमसमध्ये स्थापन झाले. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे नुसती इमारत नव्हे: मतदारांनी निवडलेले मंडळ, कर बसवण्याचा आणि शिक्षक नेमण्याचा अधिकार. त्याचा अधिकृत क्रमांक होता १. ज्या काउंटीत गोऱ्यांच्याही वस्त्या होत्या, तिथल्या शिक्षणाच्या दप्तरात पहिला आकडा मुक्त गुलामांच्या गावाचा आहे. 'संस्कृती कोणी आणली' या प्रश्नाचे उत्तर सरकारी क्रमांकातच आहे.

१६/
हे १८७९ साल नीट पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षी कॅन्ससच्या विधिमंडळाने मोठ्या शहरांना प्राथमिक शाळांमध्ये कृष्णवर्णीय मुलांना वेगळे बसवण्याची मुभा देणारा कायदा केला. एका टोकाला कुदळीने जमीन फोडणारे पालक स्वतःचे शाळामंडळ निवडत होते. दुसऱ्या टोकाला राज्य त्यांच्याच जातभाईंच्या मुलांना शहरात वेगळ्या दाराने आत पाठवण्याची तजवीज करत होते.

१७/
आणि त्याच १८७९ मध्ये पेन्सिल्व्हेनियात कार्लाइल येथे रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा उघडली. मुलांना हजारो मैल दूर नेणे, केस कापणे, नावे बदलणे, मातृभाषा बंद करणे हा तिथला शिरस्ता. प्रार्थना आणि बायबल तिथेही होतेच. पुढे याच नमुन्यावर देशभर शाळा निघाल्या. १८८४ मध्ये कॅन्ससच्याच लॉरेन्स गावीही एक निघाली.

१८/
एकाच वर्षातल्या या तीन शाळा. एक विभागणारी, एक माणसाचे मूळ पुसणारी आणि एक माणसाला उभे करणारी. खडू, फळा, घंटा तिन्हीकडे सारखीच. म्हणून 'त्यांनी रानात शाळा नेली' हे वाक्य इतिहास म्हणून पोकळ आहे. शाळा किंवा चर्च ही स्वतःहून पुण्यवस्तू नव्हे. विचारायचा प्रश्न एकच: किल्ली कोणाच्या हातात होती?

१९/
इथे एक रास्त आक्षेप येतो. निकोडेमसची जमीन तरी कोणाची होती? १८५१च्या फोर्ट लॅरमी कराराने प्लॅट आणि आर्कान्सा या नद्यांमधला मोठा प्रदेश शायेन आणि अरापाहो यांचा मानला गेला होता. पश्चिम कॅन्सस त्यात येत होते. १८६७च्या मेडिसिन लॉज करारांनी त्यांना दक्षिणेकडे हटवले. १८७८च्या शरदात उत्तर शायेनांचा एक समूह मायदेशी परतण्यासाठी याच पश्चिम कॅन्ससमधून सैन्याशी लढत गेला. तेव्हा निकोडेमस एक वर्षाचे होते.

२०/
आक्षेप खरा आहे आणि तो झाकू नये. पण तो निकोडेमसविरुद्ध वापरताना एक तारतम्य हवे. जमीन हिरावण्याचे धोरण ज्यांनी आखले, त्या सत्तेत या लोकांना वाटा नव्हता. तिच्या उरल्यासुरल्या लाभातला एक तुकडा त्यांनी नियमानुसार मागितला. निकोडेमसला निष्पाप स्वर्ग ठरवणे भाबडेपणाचे, आणि त्याला इतर वसाहतींइतकेच दोषी ठरवणे आळशीपणाचे.

२१/
१८८०च्या दशकात गाव बहरले. भुयारांच्या जागी ढेपांची आणि मग चुनखडी दगडाची घरे आली. दुकाने, हॉटेले, 'वेस्टर्न सायक्लोन' आणि 'निकोडेमस एंटरप्राइज' ही दोन वृत्तपत्रे, बेसबॉलचा संघ. १८८५ मध्ये दगडी चर्च उभे राहिले. ते पुढे आफ्रिकन मेथडिस्ट मंडळीकडे आले. १८८७ मध्ये चार खोल्यांची शाळा बांधून झाली.

२२/
याच गावात १८७८ मध्ये आलेला एडवर्ड मॅकेब हा तरुण आधी काउंटीचा कारकून झाला आणि १८८२ मध्ये कॅन्सस राज्याचा लेखापरीक्षक म्हणून निवडून आला. १८८४ मध्ये पुन्हा. संपूर्ण राज्याच्या मतदानाने पद मिळवणारा कॅन्ससमधील तो पहिला कृष्णवर्णीय. चर्चमधल्या सभा आणि शाळामंडळाच्या निवडणुका यांना 'राजकारणाची तालीम' म्हणायचे ते यासाठी.

२३/
मग रेल्वे. १८८७ मध्ये मिसूरी पॅसिफिक कंपनीने यावे म्हणून गावाने १६,००० डॉलरच्या कर्जरोख्यांना मतदानाने मंजुरी दिली. रेल्वे आली नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ टाकले, पण नदीच्या दक्षिणेला, आणि काही मैलांवर बोग हे नवे गाव वसवले. कंपन्यांच्या नकाशामागचा हेतू काहीही असो, परिणाम एकच: निकोडेमसचे व्यापारी दुकाने उचलून बोगला गेले. काहींनी तर इमारतीही हलवल्या.

२४/
लोकप्रिय इतिहास इथे पडदा पाडतो. १८८८, गाव मेले. आता फक्त इमारतींच्या तारखा पाहाव्यात. आज उभी असलेली फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चची चुनखडी दगडाची इमारत १९०७ची, म्हणजे 'मृत्यू'नंतर १९ वर्षांनी बांधलेली. आजची शाळेची इमारत १९१८ची, ३० वर्षांनंतरची. टाउनशिपचे दगडी सभागृह १९३९चे, ५१ वर्षांनंतरचे. मेलेली गावे चर्च बांधत नाहीत, मुलांसाठी नवी शाळा तर मुळीच बांधत नाहीत.

२५/
गेले ते व्यापारी. राहिले ते शेतकरी. आणि शेतकऱ्यांनी दुकानांविना गाव टिकवले ते या दोन संस्थांच्या आधारावर. १९३२ मध्ये याच गावात जन्मलेला व्हेरिल स्विट्झर १९५४ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय व्यावसायिक निवडीत चौथ्या क्रमांकावर निवडला गेला. ज्या गावाचा मृत्युलेख १८८८ मध्ये लिहिला गेला, तिथली ही पिढी.

२६/
लोकसंख्या घटली हे खरेच. १९३०च्या दशकातली मंदी आणि धुळीची वादळे, शेतीचे यांत्रिकीकरण, शहरांची ओढ. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळाही बंद झाली. पण नेमक्या याच कारणांनी कॅन्सस, नेब्रास्का, डकोटांमधली असंख्य गोरी गावेही ओस पडली. त्यांना 'आद्य वसाहतकारांचा वारसा' म्हणतात. निकोडेमसला 'फसलेला प्रयोग'. एकाच आजाराची दोन निदाने, आणि फरक फक्त रुग्णाच्या रंगाचा.

२७/
आता टोपीका. १८७७ मध्ये निकोडेमसची पहिली तुकडी जिथून निघाली, त्याच शहराचे शिक्षणमंडळ १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. 'ब्राउन विरुद्ध शिक्षणमंडळ' या खटल्याने शाळांमधील वंशभेद घटनाबाह्य ठरला. त्या भेदाला कॅन्ससमध्ये मुभा देणारा कायदा तोच, १८७९चा. म्हणजे डिस्ट्रिक्ट क्रमांक १ने जे तत्त्व मातीच्या घरात मांडले, ते मान्य करायला देशाला ७५ वर्षे लागली.

२८/
गाव आजही आहे. कायम राहणारी माणसे मूठभर. पण दरवर्षी जुलैअखेर वंशज देशभरातून परत येतात. या मेळ्याचे मूळ १ ऑगस्टच्या मुक्तिदिनात आहे. १८३४ मध्ये ब्रिटिश वेस्ट इंडिजमधील गुलामगिरी ज्या दिवशी कायद्याने संपली, तो हा दिवस. १९९६ मध्ये निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. जपलेल्या इमारती पाच: दोन चर्च, एक शाळा, सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि सभागृह. रेल्वेचे स्थानक त्यात नाही. नव्हतेच कधी.

२९/
मराठी वाचकासाठी एक दुवा. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले. त्यानंतर चारच वर्षांनी ते मुक्त झालेले लोक स्वतः काय करू शकतात, हे निकोडेमसने दाखवले. १८८२ मध्ये फुले हंटर आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणासाठी निवेदन देत होते; त्याच वर्षी मॅकेब निवडून आला. दोन्ही ठिकाणी ओळखलेले सत्य एकच: मुक्तीचा कागद पुरत नाही, शाळेचा कारभार हाती लागतो.

३०/
वसाहतीचे यश तिच्या स्थानकावरून, दुकानांवरून किंवा शिरगणतीवरून मोजायचे, तर निकोडेमस हरले. तिने आपल्या माणसांना कोणत्या संस्था चालवायला दिल्या यावरून मोजायचे, तर फार थोडी गावे त्याच्या पुढे जातील. पुढच्या वेळी पडद्यावर ती पांढरी इमारत आणि तिची घंटा दिसेल, तेव्हा काउंटीच्या दप्तरातला क्रमांक १ आठवावा. तो निकोडेमसचा आहे.

(समाप्त)